टाकी कुठे बसवायची? बोरघाटापासून काळी-पिवळीपर्यंत

१/ पनवेलहून दोन वाटा फुटतात. एक गाढी नदीच्या खोऱ्यातून नेरेमार्गे माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाते. दुसरी खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याकडे. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीला पहिली वाट सोपी होती, दुसरी कसोटीची. घाटात गाडी अडण्यामागे इंजिनाची ताकद हे एक कारण होतेच; पण दुसरे कारण होते इंधनाच्या टाकीची जागा. जुन्या गाडीत टाकी कोणती आणि कुठे बसवायची, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. तिची टाकी पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल खेचणारा पंप नव्हताच. ते गुरुत्वाकर्षणाने, आपल्या वजनाने, कार्ब्युरेटरपर्यंत उतरे. सपाटीवर हे उत्तम चाले. चढावर मात्र गाडीचे नाक वर होई, टाकीतले पेट्रोल कमी असेल तर त्याची पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाई आणि इंजिन बंद पडे. त्यावरचा जगभर प्रचलित उपाय म्हणजे गाडी उलटी फिरवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढणे. मग टाकी वर, इंजिन खाली!

३/ पेट्रोल किती उरले, हे पाहण्यासाठी आसन उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे. पेट्रोल भरतानाही आसनावरच्या माणसांना खाली उतरावे लागे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डने टाकी समोरच्या काचेच्या लगेच पुढे, उंचावर नेली. चढाची अडचण मिटली, पण पेट्रोलचा साठा आता चालकाच्या गुडघ्यांपुढे आला. एक प्रश्न सोडवताना दुसरा निर्माण करायचा, हा टाकीचा स्वभाव इथूनच दिसू लागतो.

४/ याच सुमारास मुंबई मोटार-व्यापाराचे मोठे केंद्र बनत होती. ‘फोर्ड इंडिया’ १९२६ मध्ये स्थापन झाली. ‘जनरल मोटर्स’ने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळच्या अनेक गाड्यांत मुख्य टाकी मागे असे आणि इंजिनाच्या ओढीने निर्माण होणाऱ्या निर्वातावर पेट्रोल पुढच्या एका छोट्या टाकीत खेचले जाई. पण लांब चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की निर्वात क्षीण होई आणि छोटी टाकी रिकामी पडू लागे. अशा वेळी ऐन चढावर चालकाला क्षणभर पाय उचलावा लागे. बोरघाटासारख्या वाटेवर ही कसरतच होती.

५/ यांत्रिक पंपाने हा प्रश्न संपवला. १९३२ च्या फोर्ड गाड्यांत टाकी थेट मागच्या टोकाला, चासीच्या दोन दांड्यांमध्ये गेली. आता टाकीला उंचीचे बंधन उरले नाही. ती कुठेही बसवता येऊ लागली. त्यामुळे प्रश्न ‘पेट्रोल पोहोचेल का?’ असा न राहता ‘धोका आणि गैरसोय कोणाच्या वाट्याला द्यायची?’ असा झाला.

६/ दुसऱ्या महायुद्धाने मध्येच टाकी निरुपयोगी ठरवली. १९४१ मध्ये भारतात पेट्रोलवर रेशनिंग आले आणि बस व मालमोटारींवर कोळशाच्या गॅसची भट्टी चढली. कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडला जाई. भट्टी पेटवून गाडी सुरू होण्यास वेळ लागे, राख काढावी लागे आणि ताकदही कमी मिळे. तरीही गाड्या धावल्या. आधी बनलेल्या गाडीत नंतर वेगळे इंधन ‘बसवणे’ ही कल्पना मुंबई-महाराष्ट्राला तेव्हापासून परिचित आहे.

७/ युद्ध संपल्यावर अमेरिकेत याच्या अगदी उलट कारणासाठी टाक्या हलू लागल्या. कॅलिफोर्नियातील तरुण १९२०-३० च्या स्वस्त जुन्या फोर्ड घेत, त्यांत ताकदवान इंजिन बसवत आणि कोरड्या तलावांच्या मैदानांवर पळवत. याच ‘हॉट रॉड’. बिल बर्क याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाची जादा इंधनाची टाकी घेतली आणि तिचेच गाडीचे शरीर केले! हवेत झेपावण्यासाठी घडवलेला तिचा आकार जमिनीवरही वारा कापत होता.

८/ रस्त्यावरच्या हॉट रॉडमध्ये मात्र टाकीची निवड गंभीर बाब होती. ‘मॉडेल ए’ची काचेपुढची टाकी काढून ती बहुधा डिकीत किंवा आसनामागे नेली जाई. तेथे पाहायचे ते असे: सायलेन्सरच्या नळीपासून अंतर, मागून धडक बसल्यास आडोसा, वाफ बाहेर जाण्याची वाट, पेट्रोल भरण्याची नळी आणि टाकी घट्ट धरणारे पट्टे. या काळजीचे मोल पुढे ‘फोर्ड पिंटो’ने दाखवले. तिची टाकी मागचा आस आणि बंपर यांच्यामध्ये होती. मागून धडक बसून लागलेल्या आगींमुळे खटले उभे राहिले आणि १९७८ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

९/ जुनी टाकी बहुधा आतून मरते. तळाशी साचलेले पाणी पत्र्याला गंज आणते, गंजाचे कण नळीत अडकतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषत असल्याने ही झीज वाढते. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर अशा टाक्यांना डाग देतात. पण त्या कामात भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक ठरते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते.

१०/ भारतात हॉट रॉडची परंपरा फारशी रुजली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. मात्र याच कलमात मान्यताप्राप्त संचाद्वारे इंधन बदलण्याची सोय आहे. आपल्याकडे जुन्या गाड्यांतील टाकीचा सर्वांत मोठा बदल घडला तो याच वाटेने, आणि तोही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत.

११/ हवेच्या प्रदूषणाविरुद्ध ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९९९ रोजी आदेश दिला. पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याचे त्यात सांगितले होते. त्या टॅक्सी प्रामुख्याने कुर्ल्याच्या ‘प्रीमियर’ कारखान्यातील: १९६४ पासूनची ‘फियाट ११०० डिलाइट’, जी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या आरेखनात सीएनजीचा विचार असणे शक्यच नव्हते.

१२/ सीएनजी सुमारे २०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशे पट दाबाने साठवतात. त्यासाठी जाड पोलादी सिलिंडर लागतो आणि तो गोलाकारच हवा. पेट्रोलच्या टाकीसारखा सापडेल त्या कोपऱ्याच्या मापाने घडवता येत नाही. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्यावर वर निघून जातो, पण बंद डिकीत साठू शकतो; म्हणून झडपेवर आवरण घालून त्याची नळी बाहेर काढतात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाब-चाचणीही आवश्यक असते.

१३/ एवढा मोठा सिलिंडर डिकीतच मावला. पेट्रोलची मूळ टाकीही राहिली, कारण वायू संपला तर तीच आधार. चालकाचा इंधनखर्च उतरला, शहराच्या हवेतला धूर कमी झाला. पण डिकी गेली. गावाहून आलेल्या कुटुंबाच्या बॅगा आणि बोचकी टपावरच्या कॅरिअरवर दोरीने बांधली जाऊ लागली. कारखान्याने प्रवाशाला दिलेली जागा शहराने स्वच्छ हवेसाठी परत घेतली, आणि पंपावरच्या लांब रांगांत घालवलेला वेळ चालकाच्या वाट्याला आला.

१४/ शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे हटली. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. जतन करणाऱ्याची पहिली प्रवृत्ती साहजिकच सिलिंडर उतरवून डिकी पूर्ववत करण्याची असेल.

१५/ पण मग ‘मूळ’ म्हणजे काय? सिलिंडर काढलेली पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास सांगेल. मुंबईच्या टॅक्सीचा सांगणार नाही. अमेरिकेत हाच प्रश्न हॉट रॉडबाबत आला. शुद्ध मूळ स्वरूपासाठी ख्यात असलेल्या ‘पेबल बीच’ प्रदर्शनाने १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी स्वतंत्र गट ठेवला. केलेला फेरफार हाच त्या गाडीचा इतिहास, हे त्यातून मान्य झाले.

१६/ आपल्याकडे निदान काही टॅक्सी तरी सिलिंडर, टपावरचे कॅरिअर आणि मीटरसह जपल्या पाहिजेत. वस्तू कशी बनली, एवढाच तिचा इतिहास नसतो. लोकांनी ती कशी वापरली आणि वापरण्यासाठी तिच्यात काय बदलले, हाही तिचाच इतिहास. मॉडेल टीच्या आसनाखालची टाकी घाटातल्या उलट्या प्रवासाची साक्ष देते, तशी पद्मिनीची भरलेली डिकी एका शहराने हवेसाठी मोजलेल्या किमतीची. ती रिकामी करताना आपण काय बाहेर काढत आहोत, याचे भान असावे. (धागा समाप्त)