समुद्राच्या मिठात काय नव्हते?

१/ भाईंदर, मुलुंड, भांडुप: ठाणे परिसरातील खाड्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकले. समुद्राचे मीठ खाणाऱ्यास गलगंड होत नाही, ही समजूत मात्र फसवी आहे.

२/ एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, पण आयोडीन अवघे ५०-६० मायक्रोग्रॅम. मीठ पिकताना तेही बहुतांशी उरलेल्या पाण्यातच राहते. प्रौढाची दैनिक गरज १५० मायक्रोग्रॅम. किनाऱ्यावर ती भागवण्यास हातभार लागतो तो मासळीचा, मिठाचा नव्हे.

३/ आयोडीनविना थायरॉईड ग्रंथीला थायरॉक्सिन घडवता येत नाही. या संप्रेरकावर चयापचय आणि गर्भाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते.

४/ १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी दोन विभागांना आयोडीनयुक्त, तर तिसऱ्यास साधे मीठ पुरवले. पहिल्या दोहोंत गलगंड ओसरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. सर्वांसाठी आयोडीनयुक्त मीठ हा निर्णय मात्र १९८३ चा.

५/ खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. ‘नैसर्गिक’ म्हणून साधे खडेमीठ घरी आणणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकराने हा इतिहास आठवावा: खाडी उंबरठ्याशी असली, तरी आयोडीन ताटात येतेच असे नाही.