विदर्भातील शिळावर्तुळे आणि परदेशी गेलेली थडग्यांतील ठेव

अमरावती जिल्ह्यातील फुबगाव येथे लोहयुगातील माणसांची वस्ती उत्खननातून उजेडात आली, परंतु त्या काळच्या मृतांची शिळावर्तुळे, म्हणजे पुरलेल्या अवशेषांभोवती मोठे दगड गोलाकार मांडून आत मुरूम-माती भरलेली थडगी, प्रामुख्याने वर्धा नदीच्या पूर्वेस, नागपूरच्या आसपास आढळतात. नागपूरजवळील जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे असून एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील काही उकरून त्यांचा वृत्तान्त १८७९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेथील लोखंडी अवजारे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. याला चोरी म्हणता येणार नाही, कारण त्याने नोंदी ठेवल्या. मात्र कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या अस्थींजवळ होती, हे आजच्या अपेक्षेइतके नेमके त्यांतून कळत नाही, आणि थडगे दुसऱ्यांदा उकरता येत नाही. १९७० नंतर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी नागपूरजवळीलच माहुरझरी येथे पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे व त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार जागच्या जागी मिळाले, आणि अश्वारूढ समाजाचे चित्र स्पष्ट झाले. अशा नोंदींचा उपयोग वस्तू परत मिळवतानाही होतो: ग्रीसमधील आयडोनिया येथील प्राचीन मायसिनी संस्कृतीच्या दफनभूमीतून लुटलेले दागिने १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या विक्रीदालनात दिसले, तेव्हा शास्त्रीय उत्खननात सापडलेल्या तशाच प्रकारच्या वस्तूंशी तुलना करून ग्रीसने त्यांवर हक्क सांगितला व १९९६ मध्ये ते मायदेशी परतले. जुनापाणीच्या वस्तू मात्र लंडनच्या संग्रहातच आहेत.