विमानातली घड्याळं आणि काउंटरची निवड

आजचा विषय पहिल्यांदा ऐकला तर बाजारहाटाचा वाटेल. काटेकोर वेळ मोजायची असेल तर कोणता फ्रिक्वेन्सी काउंटर घ्यावा? बहुतेक जण पहिली चौकशी करतात ती आकड्यांची. पडद्यावर आठ आकडे दिसतात की बारा? माझ्या मते ही चौकशी तिसऱ्या क्रमांकावर यायला हवी. पहिल्या दोन कोणत्या, ते इतिहासातूनच नीट कळतं, म्हणून आज तिकडून जाऊ.

१९५१ साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनं ५२४ए नावाचा काउंटर बाजारात आणला. आत व्हॅक्यूम ट्यूब, आकारानं चांगला पेटाऱ्याएवढा. अल बॅग्ले या अभियंत्याचं हे काम, आणि त्यातली झपाट्यानं मोजणी करणारी मंडळं मुळात अणुभौतिकीतले स्पंद मोजण्यासाठी तयार झालेली. हा काउंटर सेकंदाला एक कोटी आवर्तनं मोजू शके, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. त्याआधी उच्च वारंवारता अचूक मोजायला दहाएक मिनिटं खटपट करावी लागे. ते काम एक-दोन सेकंदांवर आलं. आपलं केंद्र नेमून दिलेल्या वारंवारतेवरच आहे ना, हे सरकारी नियमानुसार पाहावं लागणाऱ्या अमेरिकन रेडिओ केंद्रांना तर हे वरदानच होतं.

याचं तत्त्व अगदी साधं. समजा तुम्ही फलाटावरच्या एका खोलीत बसला आहात. दार बरोबर एक सेकंद उघडतं आणि तेवढ्यात समोरून गेलेले लोकलचे डबे तुम्ही मोजता. या दाराला इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेट म्हणतात. गोम अशी, की दार उघडताना अर्धा डबा दिसतो आणि बंद होतानाही अर्धाच. तो धरायचा की सोडायचा? म्हणून अशा मोजणीत एका आकड्याची चूक कायमची पाठीशी. दहा मेगाहर्ट्झला एका सेकंदात ही चूक एक कोटीत एक, म्हणजे नगण्य. पण घरातली ५० हर्ट्झची वीज याच रीतीनं मोजा, पन्नासात एक! दोन टक्के चूक. आकडे कितीही असोत, काय उपयोग?

यावरचा तोडगा म्हणजे उलटं मोजणं. विजेच्या एका आवर्तनाला दार समजायचं आणि तेवढ्या २० मिलिसेकंदांत काउंटरच्या स्वतःच्या १० मेगाहर्ट्झ घड्याळाचे ठोके मोजायचे. दोन लाख ठोके मिळतात. मग भागाकार करून वारंवारता काढायची. ज्याला रेसिप्रोकल काउंटर म्हणतात तो हेच करतो. इथेच एक गोष्ट मनाशी धरा: वारंवारतेचा प्रश्न आता वेळेच्या अंतराचा प्रश्न झाला.

आता १९७१ सालात येऊ. जोसेफ हाफेल आणि रिचर्ड कीटिंग या दोघांनी सीझियमची चार घड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. तिकिटं ‘मिस्टर क्लॉक’ या नावानं काढली होती. विमान कंपनीला प्रवाशाचं नाव लागतंच! सापेक्षता सिद्धांताप्रमाणे वेगामुळे आणि उंचीमुळे घड्याळाची चाल बदलायला हवी. पूर्वेच्या फेरीत घड्याळं वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या काळाच्या सुमारे ४० नॅनोसेकंद मागे पडतील आणि पश्चिमेच्या फेरीत २७५ नॅनोसेकंद पुढे जातील, असं गणित होतं.

इथे जरा थांबून पाटीवर हिशेब करू. पूर्वेच्या फेरीत विमानं एकूण सुमारे ४१ तास हवेत होती. तेवढ्या वेळात घड्याळाच्या ५ मेगाहर्ट्झच्या लहरीची साधारण ७४ हजार कोटी आवर्तनं होतात. प्रत्यक्षात घड्याळं मागे पडली ५९ नॅनोसेकंद. एक आवर्तन २०० नॅनोसेकंदांचं, म्हणजे सगळ्या प्रवासात फरक पडला एका आवर्तनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वॉशिंग्टन सोडल्यापासून परत येईपर्यंत एखाद्यानं दोन्हीकडची आवर्तनं इमानेइतबारे मोजली असती, तरी आईन्स्टाईनच्या नावानं एक आख्खा आकडासुद्धा पदरात पडला नसता. सिद्धांत खरा आणि मोजणी कोरी.

म्हणून इथे आवर्तनं मोजायची नसतात. दोन घड्याळांचे सेकंदाचे ठोके समोरासमोर आणायचे. एकाच्या ठोक्यानं मोजणी सुरू, दुसऱ्याच्या ठोक्यानं बंद. मधलं अंतर हेच उत्तर. याला टाइम इंटरव्हल म्हणतात. निघण्याआधी आणि परतल्यावर वेधशाळेशी अशी तुलना झाली, शिवाय प्रवासात चारही घड्याळांची आपसातही. ती का? सीझियमची चालही मधूनच किंचित बदलते. एकाची बदलली तर ते उरलेल्या तिघांच्या तुलनेत लगेच उघडं पडतं. चार घड्याळं नेली ती याचसाठी, आणि मला तर या प्रयोगातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. अशा दुरुस्त्या करून पूर्वेच्या फेरीचे चार निकाल आले: उणे ५७, ७४, ५५ आणि ५१ नॅनोसेकंद. पश्चिमेचे अधिक २७७, २८४, २६६ आणि २६६. सरासरी उणे ५९ आणि अधिक २७३. १९७२ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

तर काउंटर घेताना पहिला प्रश्न: मला वारंवारता हवी आहे की दोन ठोक्यांमधलं अंतर? दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो: काउंटरच्या पोटातलं घड्याळ किती खरं? वारंवारता मोजताना सगळी भिस्त त्याच्यावर असते. ते दहा कोटीत एका भागानं चुकलं, तर १० मेगाहर्ट्झचं उत्तर ०.१ हर्ट्झनं चुकणार. पुढे दिसणारे सगळे आकडे शोभेचे. अशा वेळी बाहेरून रुबिडियमचा किंवा जीपीएसला बांधलेला संदर्भ देता येतो का, ते पाहावं. अंतर मोजताना मात्र गंमत होते. दोन ठोक्यांत १० मायक्रोसेकंदांचं अंतर असेल, तर तेच चुकार घड्याळ फक्त ०.१ पिकोसेकंदाची चूक घालतं. म्हणजे काहीच नाही. तिथे महत्त्व येतं ते ठोके कुठल्या क्षणी पकडले जातात याला.

ठोका पकडण्याची ही कला १९७८ च्या ५३७०ए या काउंटरनं कुठच्या कुठे नेली. त्याची घटका २० पिकोसेकंदांची, आणि युक्ती कोणती, तर आपल्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरची! कॅलिपरमध्ये दोन पट्ट्यांच्या खुणा किंचित वेगळ्या अंतरावर असतात, आणि कुठली खूण जुळते त्यावरून बारीक माप कळतं. इथे पट्ट्यांऐवजी किंचित वेगळ्या वारंवारतेची आंदोलनं. २५६ आणि २५७ या प्रमाणात. मूळ ठोका ५ नॅनोसेकंदांचा, त्याला २५६ नी भागा, साडेएकोणीस पिकोसेकंद येतात.

वीस पिकोसेकंदांत प्रकाश सहा मिलिमीटर जातो. आणि आपल्या टेबलावरची साधी कोॲक्सियल केबल मीटरमागे सुमारे पाच नॅनोसेकंद खाते, म्हणजे या काउंटरच्या घटकेच्या अडीचशे पट. म्हणून असं यंत्र घरी आणलं, की आधी एकच ठोका दुभागून दोन्ही केबलींतून आत सोडायचा, ट्रिगरची पातळी दोन्हीकडे ठोक्याच्या तीव्र चढावर, सारख्याच उंचीला ठेवायची आणि पडद्यावर जो फरक दिसेल तो वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या प्रत्येक मापातून तेवढा वजा होणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.