भांडवली गुंतवणूक-मूल्यमापन (चिमूर व झाडीपट्टी)

धरण, कालवा, खाण, कारखाना किंवा रेल्वेमार्ग अशा दीर्घ मुदतीच्या कामात आज घातलेला पैसा पुढे किती आणि केव्हा परत येईल, हे तपासण्याच्या पद्धती. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुका व भोवतालची झाडीपट्टी येथे त्यांचा संबंध मुख्यतः पाण्याशी आणि जंगलाशी येतो. प्रस्तुत नोंदीत याच दोहोंना प्राधान्य दिले आहे.

पद्धती : परतफेड कालावधी ही सर्वांत सोपी. रक्कम किती वर्षांत वसूल होते एवढेच ती पाहते, वसुलीनंतरच्या लाभाची दखल घेत नाही. निव्वळ वर्तमान मूल्य काढताना दरवर्षीचा लाभ व खर्च ठरावीक दराने वटवून आजच्या किमतीत आणतात आणि लाभातून खर्च वजा करतात. ज्या दराला ही बाकी शून्य होते तो अंतर्गत परतावा दर. वटवलेल्या लाभाला वटवलेल्या खर्चाने भागले की लाभ-व्यय गुणोत्तर मिळते. नफा-निर्देशांक : याच जातीचे गुणोत्तर.

सिंचन : इंग्रजी अमदानीत कालव्याची योग्यता सरकारी तिजोरीला मिळणाऱ्या परताव्यावरून ठरे, शेतकऱ्याच्या वाढलेल्या पिकाला त्या हिशेबात जागा नव्हती. ही दृष्टी बदलण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना द्यावे लागते. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. सिंचन अर्थशास्त्रातील हे पायाभूत काम आजही पुरेसे वाचले जात नाही. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये लाभ-व्यय गुणोत्तराची कसोटी सुचविली. पुढे सर्वसाधारण प्रकल्पांसाठी १.५ आणि अवर्षणप्रवण भागासाठी १ हे किमान गुणोत्तर रूढ झाले. नितीन देसाई समितीने (१९८३) त्याऐवजी अंतर्गत परतावा दर सुचविला : सर्वसाधारण ९ टक्के, अवर्षणप्रवण भागात ७ टक्के. व्यवहारात गुणोत्तरच टिकले.

या भागातील ठळक उदाहरण वैनगंगेवरील गोसीखुर्द (इंदिरासागर) प्रकल्पाचे. १९८३ मधील मूळ अंदाज ३७२.२२ कोटी रुपयांचा. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. नियोजित सिंचनक्षमता सुमारे २.५ लाख हेक्टर असून लाभक्षेत्र भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत आहे. सुधारित अंदाज पुढे १८,४९४ कोटींवर, म्हणजे मूळच्या जवळजवळ पन्नास पटींवर गेला. त्यात महागाई, भूसंपादन आणि कामातील बदल यांचा वाटा किती, हा वादाचा विषय आहे.

चर्चा खर्चवाढीची होते. विलंबाने लाभाचे जे नुकसान होते ते मात्र दुर्लक्षित राहते. ९ टक्के दराने, दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ४२ रुपये. तेच १०० रुपये वीस वर्षांनी मिळाले तर सुमारे १८. खर्च एका रुपयानेही वाढला नाही तरी पाणी दहा वर्षे उशिरा पोहोचले, तर त्याचे मूल्य निम्म्याहून खाली येते. शिवाय झालेला खर्च बुडीत धरून केवळ उरलेल्या खर्चाची उरलेल्या लाभाशी तुलना करावी, असे शास्त्र सांगते. त्यामुळे अर्धवट प्रकल्प या कसोटीवर सहसा उतरतातच. म्हणून खरी परीक्षा पहिल्या मंजुरीच्या वेळीच कठोर हवी. सिंचन प्रकल्पाची अडचण केवळ पैशाची नसते : सिंदेवाही तालुक्यातील हुमन प्रकल्प वनजमिनीच्या प्रश्नात अडकला.

वनजमीन : वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वनेतर कामांसाठी वळत्या केलेल्या वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करण्याचा आदेश दिला. कांचन चोप्रा समितीच्या अहवालानंतर, २८ मार्च २००८ रोजी हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये दर निश्चित झाले. चंद्रपूरकडील शुष्क पानझडी वने ज्यात मोडतात त्या, दरासाठी केलेल्या वनवर्गांपैकी तिसऱ्या वर्गात अतिघन जंगलाला ८.८७, घन जंगलाला ८.०३ आणि विरळ जंगलाला ६.२६ लाख असा दर होता. अभयारण्यासाठी पाचपट व राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट आकारणी. २०२२ मध्ये दर सुमारे दीडपट झाले. हे मूल्य प्रकल्पाच्या खर्चात मिळवले जाते. भरघोस नफ्याच्या खाणीला ते सहज पेलते. रक्कम भरपाई वनीकरण निधीत जाते, मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्या घरांच्या हाती थेट येत नाही. ही या पद्धतीतील गंभीर उणीव होय. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेमार्फत बांबूविक्री करून उत्पन्न गावातच ठेवण्याचा वेगळा मार्ग दाखविला.

पुनर्वसन : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून नवेगाव (रामदेगी) आदी गावे हलविण्यात आली. केंद्राच्या योजनेत प्रतिकुटुंब १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. एकरकमी पैसे की जमीन-घरासह पुनर्वसन, ही निवड कुटुंबापुरते भांडवली मूल्यमापनच ठरते.

रेल्वे : वडसा–गडचिरोली मार्गाच्या खर्चात राज्य शासनाचा निम्मा वाटा आहे, म्हणून त्याचे मूल्यमापन राज्याच्या पैशाचेही ठरते.