परजातीय अवयवारोपण : विज्ञानाचा इतिहास आणि रुग्णसंमतीचा प्रश्न

प्रस्तावना :
प्राण्याचा अवयव मानवी देहास जोडण्याची कल्पना भारतीय मनास अपरिचित नाही. गजाननाच्या मस्तकाची कथा घराघरांत सांगितली जाते. तथापि पुराणकथा ही मानवी आकांक्षेची साक्ष असते, शस्त्रक्रियेचा पुरावा नव्हे. प्राण्यांचे रक्त, ऊती व अवयव मानवी शरीरात घालण्याच्या प्रयोगांचा लिखित इतिहास सतराव्या शतकापासून उपलब्ध आहे. हा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या धाडसाचा म्हणून सांगितला जातो. हे धाडस कोणाच्या देहावर झाले आणि त्या व्यक्तीस काय सांगण्यात आले होते, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रारंभीचे प्रयोग :
१६६७ साली पॅरिसमध्ये झां बाप्तिस्त दनी या वैद्याने कोकराचे रक्त एका किशोरवयीन मुलास दिले व तो बचावला. पुढे मनोरुग्ण असलेल्या एका इसमास वासराचे रक्त देण्यात आले. शांत स्वभावाच्या प्राण्याचे रक्त उन्माद शमवील, ही त्यामागील धारणा होती. तो रुग्ण दगावला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १६६८ मध्ये दनी निर्दोष ठरला. परंतु रक्तसंक्रमणावर निर्बंध आले व ही पद्धती दीर्घकाळ मागे पडली. अवयवारोपणाचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी, रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र विकसित झाल्यावर खुला झाला. १९०६ साली लिओं येथे माथ्यू जाबुले यांनी डुकराचे व बकरीचे मूत्रपिंड दोन रुग्णांच्या शरीरातील रक्तवाहिन्यांना जोडले. दोन्ही प्रयोग फसले. परका अवयव शरीर का नाकारते, याचे शास्त्रीय आकलन पीटर मेडावर यांच्या १९४० च्या दशकातील संशोधनानंतरच होऊ लागले.

१९६३ नंतरचा कालखंड :
१९६३-६४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे कीथ रीम्ट्स्मा यांनी १३ रुग्णांना चिंपांझीची मूत्रपिंडे बसविली. त्या काळी दीर्घकालीन डायलिसिसची सोय दुर्मिळ होती आणि मानवी मूत्रपिंड सहसा मिळत नसे. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांतच दगावले. मात्र एक शिक्षिका कामावर रुजू होऊन सुमारे नऊ महिने जगली. ज्याच्यापुढे मृत्यूखेरीज पर्याय नाही अशा रुग्णाची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न येथे प्रथमच तीव्रतेने उभा राहतो.

जानेवारी १९६४ मध्ये मिसिसिपी येथे जेम्स हार्डी यांनी एका बेशुद्ध रुग्णास चिंपांझीचे हृदय बसविले. ते अल्पकाळच चालले. नातलगाने सही केलेल्या संमतिपत्रात प्राण्याच्या हृदयाचा उल्लेखच नव्हता. १९८४ साली कॅलिफोर्नियात लेनर्ड बेली यांनी ‘बेबी फे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नवजात बालिकेस बबून माकडाचे हृदय बसविले. ती सुमारे तीन आठवडे जगली. येथे आईवडिलांची संमती होती. परंतु मानवी हृदय मिळविण्याच्या पर्यायाचा निर्देश संमतिपत्रात नसल्याबद्दल टीका झाली.

गुवाहाटीचे प्रकरण व भारतीय कायदा :
जानेवारी १९९७ मध्ये गुवाहाटीनजीक डॉ. धनीराम बरुआ यांनी हाँगकाँगच्या एका शल्यविशारदाच्या साहाय्याने ३२ वर्षांच्या रुग्णास डुकराचे हृदय व अन्य अवयव बसविले. रुग्ण आठवड्याभरात मरण पावला. दोन्ही शल्यविशारदांना अटक झाली व चौकशीत प्रयोगाच्या नैतिकतेवर ठपका आला. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला होता. गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांच्या विधानमंडळांच्या ठरावांवरून संसदेने तो केला. मात्र त्यातील प्रत्यारोपणाची व्याख्या मानवी अवयवापुरतीच होती. मूत्रपिंडांचा व्यापार रोखणे ही त्या कायद्यामागील मुख्य निकड होती. प्राण्याच्या अवयवाचा विचार त्यात नव्हता.

सद्यःस्थिती :
जनुकीय बदल केलेल्या डुकरांमुळे हे क्षेत्र पुन्हा पुढे आले आहे. जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँड येथे दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णास बसविण्यात आले. तो सुमारे दोन महिने जगला. त्या हृदयात डुकरातील एका विषाणूचा अंश आढळला. मार्च २०२४ मध्ये बॉस्टन येथे जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड प्रथमच जिवंत रुग्णास बसविले गेले. अशा आरोपणानंतर रुग्णावर दीर्घकाळ देखरेख ठेवावी लागते, कारण विषाणूचा धोका कुटुंबीयांनाही संभवतो. म्हणजेच संमती देणारा एक आणि जोखीम अनेकांची, अशी नवी स्थिती निर्माण झाली आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या क्षेत्रात शस्त्रक्रियेचे तंत्र पुढे धावले आणि संमतीचा विचार बहुधा अपयशानंतर मागून आला. १६६८ चा पॅरिसमधील खटला आणि १९९७ ची गुवाहाटीतील अटक यांत तीन शतकांचे अंतर आहे. तरीही दोन्ही ठिकाणी समाजास जाग आली ती रुग्णाच्या मृत्यूनंतरच. अवयवाच्या प्रतीक्षेत असंख्य रुग्ण प्राण गमावत असताना हे संशोधन थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र रुग्णास त्याच्या भाषेत, पर्यायांसह आणि प्रयोगाचे प्रयोगपण न लपविता माहिती देणे, ही शस्त्रक्रियेपूर्वीची पहिली पायरी होय, हाच या इतिहासाचा बोध आहे.