चिकित्सा : एक रूप, दोन अर्थक्षेत्रे

दिल्लीच्या उत्तर रिजवरील ‘हिंदूराव’ या स्थळनामामागे एक मराठी सरदार आहे. विल्यम फ्रेझर याची १८३५ मध्ये हत्या झाल्यानंतर त्याचे तेथील निवासस्थान बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्याकडे आले. १८५७ च्या वेढ्यात ते इंग्रज फौजेचे महत्त्वाचे ठाणे होते. पुढे तेथेच हिंदूराव रुग्णालय उभे राहिले. या परिसराच्या हिंदीत ‘चिकित्सा’ म्हणजे उपचार आणि ‘चिकित्सक’ म्हणजे वैद्य. बंगालीतही हाच अर्थ रूढ आहे. मराठीत मात्र ‘चिकित्सक’ म्हणताच खोलात शिरून प्रश्न विचारणारा, प्रसंगी खुसपटे काढणारा माणूस आठवतो.

यांपैकी कोणत्याही भाषेने मूळ अर्थ बिघडवला, असे म्हणता येत नाही. पाणिनीच्या सूत्रानुसार (३.१.५) ‘कित्’ धातूपासून हे रूप सिद्ध होते, व्याकरणपरंपरेने त्याचे व्याधिप्रतीकार आणि संशय हे दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. चरकसंहितेतील ‘चिकित्सास्थान’ पहिल्या अर्थाचे, तर कठोपनिषदात नचिकेत्याच्या तोंडी आलेली ‘विचिकित्सा’ दुसऱ्या अर्थाची साक्ष देते. मराठीनेही वैद्यकीय अर्थ सोडलेला नाही. ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे महाराष्ट्रातील प्रशासकीय पदनाम आहे. प्राधान्य तेवढे बदलले.

युरोपीय भाषांत याला समांतर उदाहरण सापडते. ग्रीक ‘क्रिसिस’ म्हणजे निर्णय; हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यकग्रंथांत त्याचा अर्थ रोगाचे निर्णायक वळण असा होतो. त्याच कुळातील इंग्रजी ‘क्रिटिकल’ हे विशेषण अत्यवस्थ रुग्णालाही लागते आणि पाठचिकित्सेतून सिद्ध झालेल्या आवृत्तीलाही. फ्रेंच ‘क्रितिक’ हा शब्द लिंगभेदाने समीक्षा किंवा समीक्षक असा अर्थ देतो. इंग्रजीने तेच लिखित रूप घेतले, पण ते परीक्षणापुरते राखले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या आवृत्तीला मराठीत ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणतात. मात्र हे साम्य म्हणजे प्रभावाचा पुरावा नव्हे. निदान आणि निवाडा या क्रिया मुळातच एकमेकींजवळच्या असल्याने दोन भाषाकुळे स्वतंत्रपणेही या ठिकाणी पोहोचू शकतात.

अर्थभेदाची खरी कसोटी भाषांतरात लागते. ‘धर्मचिकित्सा’ ही महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेतील कळीची संज्ञा आहे. ती हिंदीत जशीच्या तशी ठेवल्यास धर्माची परखड तपासणी हा आशय मागे पडतो आणि धर्मावर इलाज, किंवा धर्माच्या साहाय्याने इलाज, असा विपरीत बोध संभवतो. नरेंद्र दाभोलकर शिक्षणाने आणि काही काळ व्यवसायानेही डॉक्टर होते. पुढे त्यांनी धर्माच्या विधायक चिकित्सेचा आग्रह धरला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. हिंदी आणि मराठी या दोन्ही अर्थांनी त्यांना ‘चिकित्सक’ म्हणता येते. त्यांच्या कार्याचे मर्म दुसऱ्या भाषेत नेताना केवळ रूपसाम्यावर विसंबणाऱ्या भाषांतरकाराच्या हातून नेमका त्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्कच निसटण्याचा धोका असतो. परक्या शब्दाजवळ अभ्यासक सहसा सावध असतो. तौलनिक अभ्यासात तीच सावधगिरी ओळखीच्या शब्दाजवळ अधिक हवी.