कोंडा, बुरशी आणि टक्कल



छत्रपति संभाजीनगरांतील शहागंज ही पेठ आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. सुमारें १७२० सालीं उभारलेली मशीद आणि निजामी अमदानींतील घड्याळाचा मनोरा यांच्या आसपास हा बाजार पसरला आहे. अशा जुन्या पेठेंत डोक्याच्या केसांकरितां दोन प्रकारचा माल मिळतो. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा हा एक. आणि औषधाच्या दुकानांत फळीवर मांडलेली, 'कीटोकोनाझोल' नांवाच्या द्रव्याची लहानशी बाटली हा दुसरा. ही बाटली मुळांत बुरशी मारण्यासाठीं निर्माण झाली. परंतु ती मागावयास येणाऱ्या तरुणाची तक्रार पुष्कळदां कोंड्याची नसतेच. कपाळ मागें सरकूं लागलेलें असतें, माथा विरळ होत असतो, घरांत लग्नाची बोलणीं चाललेलीं असतात, आणि या शांपूनें केस गळावयाचे थांबतात असें कोणा मित्रानें सांगितलेलें असतें.

बुरशीचें औषध टकलाचें औषध कसें मानलें जाऊं लागलें आणि तसें मानण्यांत तथ्य किती, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. वरवर पाहतां विषय क्षुल्लक वाटेल. परंतु केसांपायीं माणसें किती झुरतात हें ज्यांनीं घरांत पाहिलें आहे, ते त्याला क्षुल्लक म्हणणार नाहींत.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहूं. मराठींत या दुखण्यांना निरनिराळीं नांवें आहेत. डोक्यावरून भुशासारखे पापुद्रे झडतात तो कोंडा. मुलांच्या डोक्यांत खपल्या धरतात ते खवडे. एखाद्या जागचे केस रुपयाएवढे वाटोळे नाहींसे होतात ती चाई. आणि वयाबरोबर माथा उघडा पडत जातो तें टक्कल. आपल्या आज्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हतें; तरी हीं चार दुखणीं एक नव्हेत, एवढें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

वैद्यकग्रंथांतही हा विवेक आढळतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं दारुणक आणि इंद्रलुप्त हे रोग वेगळे सांगितले आहेत. दारुणकांत डोक्याची त्वचा रुक्ष होते, खाजते व फुटते. म्हणजे तो आपला कोंडा होय. इंद्रलुप्तांत वातासह प्रकुपित झालेलें पित्त केस पाडतें, आणि मग रक्तासह कफ केसांचीं छिद्रें बुजवून टाकतो, म्हणून नवे केस येत नाहींत, अशी उपपत्ति दिली आहे. पुढें वाग्भटानें एकाएकीं जाणारे केस आणि क्रमाक्रमानें जाणारे केस असाही भेद केला. उपचारांच्या बाबतींत मात्र आशा फार मोठी होती. हस्तिदंत जाळून केलेली मषी व रसांजन यांच्या लेपानें तळहातावरही केस उगवतील, असें आश्वासन सुश्रुतसंहितेंत आहे. टकलावरील औषधाची जाहिरात अतिशयोक्तीवांचून होत नाहीं, ही रीत बरीच जुनी आहे असें यावरून दिसतें.

धुण्याची कथा निराळी. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारीं द्रव्यें असतात; तीं तेल व मळ सोडवितात. त्यांचें काम स्वच्छतेचें. 'शांपू' हा शब्दही मूळचा आपल्याकडचाच. हिंदींतील 'चांपना' म्हणजे दाबणें, रगडणें. १७५९ सालीं पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद यांनीं इंग्लंडांत ब्रायटन येथें अंग चोळून देण्याचें स्नानगृह चालविलें, आणि पुढें ते चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांच्या सेवेंत राहिले. तेथें चोळण्याचा शब्द कालांतरानें केस धुण्याला लागला, आणि बाटलींत बसून आपल्या घरीं परत आला. परंतु धुतल्यानें रोग बरा होतो ही कल्पना त्यांत अद्याप शिरली नव्हती.

ती शिरली जंतुशास्त्राच्या युगांत. १८७४ सालीं लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें कोंड्याच्या पापुद्र्यांत बुरशीच्या जातीचे सूक्ष्म गोल कण पाहिले. त्याच्याच नांवावरून त्या जीवाला पुढें 'मॅलासेझिया' म्हणूं लागले. क्षय, पटकी यांचे जंतु एकामागून एक सांपडत होते तो हा काळ. प्रत्येक दुखण्यामागें एक जंतु असलाच पाहिजे, असें विद्वानांना वाटूं लागलें, आणि टक्कल त्याला अपवाद कां असावें? पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांतील रेमों साबूरो हा डोक्याच्या रोगांचा थोर जाणकार. त्यानें १८९७ च्या सुमारास तेलकट डोक्यांत सांपडणारा एक सूक्ष्म दंडाणु हेंच टकलाचें कारण, असें मत मांडलें. मग काय विचारतां? कोंड्याचा जंतु मारा म्हणजे केस वांचतील, अशा जाहिरातींनीं अमेरिकेंतील वर्तमानपत्रें भरून गेलीं, आणि न्हाव्याचा कंगवा व ब्रश यांवर लोकांचा संशय बळावला.

साबूरो सर्वस्वी चुकला असें म्हणणें अन्यायाचें होईल. लहान मुलांच्या डोक्यावर गजकर्णाच्या जातीची जी बुरशी चढते, ती खरोखरीच केस मोडते व पाडते. तिचा सर्वांत कसून अभ्यास त्यानेंच केला. या रोगावर पूर्वीं क्ष-किरणांनीं डोक्यावरील सगळे केस पाडून टाकीत असत; १९५८ नंतर ग्रिसिओफुल्विन हें पोटांतून घ्यावयाचें औषध आलें आणि तो भयंकर उपाय मागें पडला. म्हणजे बुरशीनें केस जातात हें विधान एका रोगापुरतें खरें होतें. तें सर्व टकलांना लावलें गेलें, तेथें गफलत झाली.

खरें कारण कोणत्या दिशेस आहे याची खूण फार पूर्वींपासून डोळ्यांपुढें होती. षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाहीं, असें हिपोक्रेटसच्या नांवावर चालणाऱ्या ग्रीक सूत्रांत दोन हजार वर्षांपूर्वींच नमूद आहे. राजेरजवाड्यांच्या जनानखान्यांवर पिढ्यान्‌पिढ्या खोजे पहारा करीत होते; परंतु त्यांच्या डोक्याकडे पाहून प्रश्न विचारावा असें कोणास सुचलें नाहीं. १९४२ सालीं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें तो प्रश्न पद्धतशीरपणें विचारला. तारुण्यापूर्वींच ज्यांची वृषणें निकामी झालीं होतीं अशा पुरुषांना टक्कल पडत नाहीं. पण ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे अशांपैकीं कांहींना पुरुषी अंतःस्राव टोंचून दिला असतां केस जाऊं लागतात, असें त्यास आढळलें. टकलाला दोन गोष्टी लागतात, एक आनुवंशिक प्रवृत्ति आणि दुसरा पुरुषी अंतःस्राव. जंतूचा त्यांत संबंध नव्हता. बुरशीचा दावा येथें फेटाळला गेला, असें वाटलें.

पण इतिहासाची गंमत अशी कीं तो दावा चाळीस वर्षांनीं दुसऱ्याच दारानें परत आला. बेल्जममधील बेअर्स येथें पॉल यान्सेन याच्या प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत कीटोकोनाझोल तयार झालें. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नांवाचें द्रव्य लागतें. तें तयार करणाऱ्या विकराला हें औषध अडवितें, आणि बुरशी वाढूं शकत नाहीं. १९८१ सालीं तें पोटांतून देण्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. लवकरच एक विचित्र अनुभव आला. मोठ्या मात्रेंत तें घेणाऱ्या कांहीं पुरुषांचे स्तन वाढूं लागले. कारण शोधतां आढळलें कीं त्याच कुळांतील विकरें माणसाच्या शरीरांत पुरुषी अंतःस्राव घडवितात, आणि औषध त्यांनाही अडवितें. जें बुरशी मारतें तेंच टकलाच्या मूळ कारणाशींही झुंजतें कीं काय, ही शंका येथून निघाली.

दरम्यान त्या औषधाचा शांपू निघाला आणि कोंड्यावर तो उत्तम ठरला. मग १९९८ सालीं बेल्जममधीलच लिएज येथील त्वचारोगतज्ज्ञ पिएरार-फ्रांशिमाँ व त्यांचे सहकारी यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. शेंकडा २ कीटोकोनाझोलचा शांपू वापरणाऱ्या पुरुषांच्या केसांची दाटी व जाडी, शेंकडा २ मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांच्या जवळपास तितकीच सुधारली, असें त्यांना दिसलें. पुरुष थोडे होते, आणि मोठ्या समुदायावर प्रयोग झाल्यावांचून याचा अर्थ निश्चित करतां येणार नाहीं, असें त्यांनीं स्वतःच म्हटलें. २००५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या कातडीवर हें द्रव्य लावून केस लवकर उगवतात असें दाखविलें. त्यानंतरचे माणसांवरील प्रयोगही थोडे व लहानच आहेत. टकलावरील औषध म्हणून अमेरिकेंत रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ सालीं मिनॉक्सिडिलच्या लेपाला आणि १९९७ सालीं फिनास्टेराइडला. या शांपूला नाहीं.

मग त्याचा उपयोग होतो तो कशानें? सर्वांत पटणारें उत्तर साधें आहे. मॅलासेझिया जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर राहते. ती तेथील तेलावर जगते, आणि तिच्यामुळें सुटणारीं आम्लें कांहींजणांच्या त्वचेस झोंबतात. खाज, दाह, खाजविणें यांनीं आधींच दुबळे झालेले केस अधिक गळतात. बुरशी आटोक्यांत आली कीं दाह शमतो व ही जादा गळती थांबते. अंतःस्रावावर त्वचेपुरता कांहीं परिणाम होत असेलही. पण कांहीं मिनिटें लावून धुऊन टाकलेल्या फेसानें आनुवंशिक टक्कल मागें फिरेल, असा पुरावा नाहीं. जमीन भुसभुशीत राखली म्हणजे पीक सुखानें उभें राहतें. पण जें बीजच खुरटत चाललें आहे तें केवळ खुरपणीनें सुधारत नाहीं.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत नुकतेंच घडलें. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळांत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांत व आसपास कांहीं गांवांतील लोकांचे केस एकाएकीं जाऊं लागले. आधीं डोकें खाजे, मग केस राठ होत, आणि तीनचार दिवसांत हातांत झुबकेच्या झुबके येत. बायका, मुलें, म्हातारे कोणी सुटलें नाहीं. प्रथम संशय आला तो बुरशीचा. पाण्यावर आला, शांपूवरही आला. परंतु ज्यांनीं जन्मांत शांपू लावला नव्हता त्यांचेही केस जात होते. विंचूदंशावरील संशोधनासाठीं ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतः तपास केला. हे मूळचे भोकरदन तालुक्यांतील, म्हणजे एकेकाळच्या औरंगाबाद जिल्ह्यांतीलच. रुग्णांच्या रक्तांत ३५ पट, लघवींत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम आढळल्याचें त्यांनीं सांगितलें, आणि रास्त भावाच्या दुकानांतून आलेल्या गव्हाकडे बोट दाखविलें. अशा प्रकारची विषबाधा जगाला नवी नव्हती. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत चीनमधील एन्‌शी भागांत सेलेनियमयुक्त अन्नानें लोकांचे केस व नखें गळालीं होतीं.

येथें एक विलक्षण योगायोग ध्यानांत घ्यावा. हेंच सेलेनियम गंधकाशीं जोडून केलेला शांपू कोंड्यावर १९५१ पासून विकला जात आहे, आणि बुरशीवर तो गुणकारी आहे. जें द्रव्य डोक्यावर लावलें असतां कोंडा घालवितें, तेंच अन्नांतून प्रमाणाबाहेर पोटांत गेलें असतां केस घालवितें. औषधाचा गुण त्याच्या नांवांत नसतो. जागा, मात्रा आणि रोगाची ओळख यांत असतो.

म्हणून घरोघरच्या मंडळींनीं प्रथम विचारावयाचें तें हें, कीं केस कसे जात आहेत? खाज व कोंडा असेल तर बुरशीविरोधी शांपू आठवड्यांतून दोनदां, फेस तीन ते पांच मिनिटें ठेवून, कांहीं आठवडे खुशाल वापरावा. त्यांत शंका नको. कपाळ व माथा हळूहळू विरळ होत असेल तर तो फार तर सोबतीचा उपाय समजावा, आणि मुख्य उपचार वेळेवर करावा. कारण जें बीज एकदां सुकलें तें पुन्हां रुजविणें कठीण. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनीं होणारी गळती बहुधा आपोआप थांबते. मुलाच्या डोक्यावर खपलीचा चट्टा पडून केस मोडत असतील, तर नुसत्या शांपूवर दिवस काढूं नयेत. त्याला पोटांतून औषध लागतें, आणि तोंवर त्याचा कंगवा व टोपी इतरांनीं वापरूं नये. केसांसाठीं म्हणून कीटोकोनाझोलच्या गोळ्या मात्र कोणीही घेऊं नयेत. यकृतास होणाऱ्या इजेमुळें २०१३ सालीं युरोपच्या औषध-नियामकांनीं त्यांची विक्री थांबविण्याची शिफारस केली, आणि अमेरिकेच्या नियामकांनीं त्यांवर कडक मर्यादा घातल्या.

आणखी एक गोष्ट. शेगांवकडील त्या गांवांत केसांहून अधिक जाचली ती लाज. तरुण मुलें-मुली घराबाहेर पडेनात; लग्नाच्या बोलण्यांत खोळंबा झाला; हा रोग आपल्यास लागेल म्हणून परगांवचे लोक दूर राहूं लागले. बुरशीचा तो पहिला अंदाज त्या भीतीस खतपाणी घालून गेला. रोगाचें चुकीचें नांव घेतलें म्हणजे चुकीचें औषध तर मिळतेंच, पण कधीं कधीं निरपराध माणूस अस्पृश्यासारखा वागविला जातो. शहागंजांत बाटली विकत घेणें सोपें आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, ज्याला सारें शहर 'घाटी' म्हणतें, तेंही तेथून फार दूर नाहीं. बाटलीच्या आधीं ती पायपीट केली, तर पैसा वांचेल, वेळ वांचेल, आणि पुष्कळांचे केसही वांचतील.